पित्याचे मौन

इंग्लंडमध्ये २००९ साली एका पित्याला हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक विकार असल्याचे निदान झाले. हा विकार प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते आणि त्यावर अद्याप उपाय नाही. 'मुलींना सांगू नका,' असे त्याने डॉक्टरांना बजावले. एक मुलगी तेव्हा गरोदर होती. ती गर्भपात करील किंवा जिवाचे बरेवाईट करून घेईल, अशी त्याला भीती होती. बाळंतपणानंतर, २०१० साली, तिला हे अनवधानाने कळले. पुढे तपासणीत तिच्यातही तोच दोष आढळला. वेळीच कळते तर आपण गर्भपात केला असता, असे सांगून तिने दावा लावला. २०२० साली न्यायालयाने तो फेटाळला. मात्र अशा वेळी रुग्णाची गोपनीयता आणि अपत्याचे हित यांचा तोल पाहणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे मान्य केले.

गर्भातील जीव पवित्र आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आम्हांस शिरोधार्य आहे. त्या पित्याची भीतीही निराधार नव्हती. तरीही त्याचे मौन आम्हांस योग्य वाटत नाही. प्रेमाने सत्य बोलावे, असा संत पौलाचा उपदेश आहे. जे रक्तातून दिले, ते सांगण्याचे पहिले कर्तव्य डॉक्टरांचे नव्हे, पित्याचेच. जीवाचे रक्षण अज्ञानाने नव्हे, आधाराने होते.

आपल्याकडेही लेकीचे लग्न मोडेल या धास्तीने घराण्यातील आजार झाकले जातात. सत्य सांगणाऱ्या कुटुंबाला आपले धर्मग्राम आधार देईल काय, हा प्रश्न आपणा सर्वांपुढे आहे.