पोटरीचे दुखणे आणि विडी

मैत्रिणींनो, घरातला कर्ता पुरुष चालता चालता मध्येच थांबतो, पोटरी दाबतो आणि दोन मिनिटांनी पुन्हा चालू लागतो, असे तुमच्या पाहण्यात आले आहे का? आपण 'वात आहे' म्हणतो नि रात्री तेल चोळून देतो. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांचे असेच होते. स्वारगेटच्या एस.टी. स्टँडपासून सारसबाग ती कितीशी लांब! तेवढ्या वाटेत त्यांना दोनदा थांबावे लागे. थांबले की विडी पेटवायची. मुलाची आई म्हणाली, "बाई, विडी ओढली की त्यांना बरं वाटतं." बरे वाटत होते ते थांबल्यामुळे, श्रेय मात्र विडीला!

धुरातले निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते. त्याच धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. वाहिनीच्या आतले नाजूक अस्तर दुखावते नि तिथे चरबीचा थर धरू लागतो. मोरीचा पाइप कसा आतून भरत जातो, तसेच. चालताना स्नायूला रक्त जास्त हवे. ते पोचत नाही, म्हणून पोटरी कळवळते. असा थर पायात असला की बहुधा हृदयाच्या नि मेंदूच्या वाहिन्यांतही असतो, म्हणून हे दुखणे पायापुरते समजू नका.

याहून वाईट एक आजार आहे, बर्जरचा. न्यूयॉर्कच्या डॉ. लिओ बर्जर यांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. तो होतो ऐन तिशी-चाळिशीत, आणि आपल्याकडे विडी ओढणाऱ्यांत बराच दिसतो. बोटे गार पडतात, निळी-काळी होतात, जखम भरत नाही. शेवटी बोट किंवा पायही कापावा लागतो. इथे 'दिवसाला दोनच ओढतो' हे चालत नाही. तंबाखू पूर्ण सुटली तरच पाय वाचण्याची आशा.

तेव्हा तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे चला. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून ते ताडून पाहतात. सुईसुद्धा टोचत नाही. पाय गार लागतो म्हणून गरम पिशवीने शेकू मात्र नका. बधिर पायाला भाजलेले कळत नाही. रात्री पडल्यापडल्या पाय ठणकत असेल किंवा जखम चिघळत असेल, तर उद्यावर ढकलू नका.

आता सोडायचे कसे? टोमणे मारून कुणाची विडी सुटलेली मी तरी पाहिली नाही. त्यांनाच तारीख ठरवू द्या. आदल्या रात्री काड्यापेटी, रक्षापात्र सगळे घराबाहेर. अवघड असते ती चहानंतरची विडी. म्हणून चहा झाला की लगेच हातात बडीशेप द्या नि काहीतरी काम सांगा, अगदी लसूण सोलायचे सांगितले तरी चालेल. तलफ काही मिनिटांत ओसरते. पहिला आठवडा चिडचिड होणारच. तेवढे दिवस भाजीला मीठ कमी पडल्याचे भांडण मनावर घेऊ नका.

औषधाच्या दुकानात निकोटीनचे च्युइंगम मिळते, पण ते सारखे चघळायचे नसते. थोडे चावून गालात धरून ठेवायचे, नि चहाच्या पाठोपाठ घ्यायचे नाही. बर्जरचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नको. गोळ्याही असतात, त्या डॉक्टरांनीच द्यायच्या.

एक गोष्ट आपल्यात कुणी बोलत नाही, ती मिश्रीची. नवऱ्याला विडी सोड म्हणायचे आणि आपण सकाळी मिश्री लावत बसायचे! तीही तंबाखूच, निकोटीन तिच्यातूनही रक्तात जाते. त्यांची तारीख ठरेल त्याच दिवशी ती डबीही बाहेर काढा. १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा फोन फुकट आहे. तिथे विडी सोडायला मदत करतात, तशी मिश्रीलाही.