संगीत, संशय आणि सुविद्य वाचक

बुलढाणा तालुक्यांत, जेथें वऱ्हाड संपून मराठवाड्याची हद्द लागते त्या टोंकाला, धाड हें गांव आहे. तेथील एका स्नेह्यांच्या ओसरीवर नुकताच एक वाद झाला. निमित्त होतें सिरिल हेअर या इंग्रज लेखकाच्या ‘व्हेन द विंड ब्लोज’ या १९४९ सालच्या रहस्यकादंबरीचें. एका परगण्यांतील हौशी वाद्यवृंद, त्याच्या जलशासाठीं पाहुणी म्हणून आलेली व्हायोलिनवादिनी, आणि ऐन जलशाच्या वेळीं रंगमंचामागें झालेला तिचा खून, इतकें कथानक आम्ही सांगतों न सांगतों तोंच स्नेही उद्गारले, ‘‘अहो, पुरे करा! संगीत हें आमचें देवघर. तेथें पोलिसाचे बूट घालून कशाला शिरतां?’’ बैठकींतील सर्वांनीं माना डोलावल्या. या मान डोलावण्यामागें जी वृत्ति आहे ती आम्हांस घातक वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या बुटांविषयीं. हेअर हा व्यवसायानें कायदेपंडित होता व पुढें न्यायाधीशही झाला. त्याच्या या कादंबरींतील एक महत्त्वाचा दुवा असा कीं, मोझार्टच्या ‘प्राग’ सिंफनींत क्लॅरिनेट हें वाद्य मुळींच नाहीं. १७८७ सालीं प्राग शहरीं प्रथम वाजलेल्या त्या रचनेंत बांसरी आहे, ओबो आहे, हॉर्न आहे, क्लॅरिनेट नाहीं. हें ज्यास ठाऊक आहे त्यास सत्याची वाट सांपडते. ज्यास नाहीं तो चकतो. दुसरा दुवा इंग्लंडच्या विवाहविषयक कायद्यांतला आहे. म्हणजे येथें संगीत ही खुनाभोंवतीं गुंडाळलेली जरीची शाल नव्हे. तें स्वतः साक्षीदार म्हणून उभें राहतें. एडमंड क्रिस्पिन याची १९४७ सालची ‘स्वान साँग’ ही कादंबरीही याच कुळांतली. ती ऑक्सफर्ड येथें वॅग्नरच्या एका संगीतिकेच्या प्रयोगाभोंवतीं घडते. आणि क्रिस्पिन या टोपणनांवामागें ब्रूस माँटगोमेरी हा संगीतरचनाकार होता. असा माणूस देवघरांत बूट घालून शिरणारा, कीं तेथलाच पुजारी?

आमच्या सुविद्य मंडळींचा पहिला आक्षेप असा कीं, रहस्यकथा हें वाङ्मयच हलकें. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांनीं मराठी मुलखांतल्या कितीतरी घरांत वाचनाची गोडी लाविली. परंतु पाठ्यपुस्तकाखालीं दडवून त्या वाचावयाच्या आणि चारचौघांत त्यांस नाक मुरडावयाचें, हा आमचा शिष्टाचार. जें वाङ्मय आपण उघडपणें वाचीत नाहीं त्याजकडे विद्वत्तेची मागणी तरी कोण करणार? अर्नाळकरांनीं वेग दिला, कारण आपण वेगच मागितला. ज्यांच्या घरीं तंबोरा होता त्यांनीं ही लेखणी विटाळाची मानिली, आणि मग तींतून संगीत आलें नाहीं म्हणून तिलाच दोष दिला.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. पाश्चात्य संगीत कागदावर लिहिलेलें असतें, म्हणून त्यांत पुरावा सांपडतो. आमचें गाणें क्षणाक्षणाच्या स्फूर्तीचें, तेथें पुरावा कसला? आक्षेपकांनीं भूप आणि देशकार यांकडे पाहावें. दोहोंतही मध्यम व निषाद वर्ज्य. दोहोंचे पांच स्वर तेच. तथापि भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, गंधारावर विसांवणारा. देशकार सकाळचा, धैवतावर भर देणारा. समजा, एक इसम स्वतःस एखाद्या दिवंगत गवयाचा पट्टशिष्य म्हणवून त्याच्या वारशावर हक्क सांगत आहे. रात्रीं त्याला भूप गावयास बसविलें, आणि एकही स्वर वावगा न लावतां तो वारंवार धैवतावर जाऊन ठाण मांडूं लागला, तर त्याची तालीम उघडी पडली कीं नाहीं? मोझार्टच्या कागदावर नसलेल्या क्लॅरिनेटइतकाच हा पुरावा चोख आहे. आणि तो ओळखावयास कागद लागत नाहीं, कान लागतात.

उरला तिसरा आक्षेप, देवघराचा. येथें आम्ही एका वकिलाची साक्ष काढतों. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं १८८७ सालीं कायद्याची पदवी घेतली, कांहीं काळ वकिली केली, आणि देशभर हिंडून गवयांच्या कंठांत बंद असलेल्या चीजा मिळविल्या. कोणाची मनधरणी केली, कोणाशीं वाद घातला, जुने संस्कृत ग्रंथ समोर ठेवून प्रचारांतल्या गाण्याची उलटतपासणी केली. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत हजाराहून अधिक चीजा स्वरलिपींत उतरल्या. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ त्यांनीं ‘चतुर पंडित’ या नांवानें लिहिला, आणि मराठींतील ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या प्रश्नोत्तररूप ग्रंथांत त्याच चतुर पंडिताचा आधार त्रयस्थाप्रमाणें दिला. वेषांतर, प्रश्न आणि पुरावा. रहस्यकथेंत याहून वेगळें काय असतें?

ज्या गवयांनीं चीजा दडविल्या त्यांस आम्ही दोष देत नाहीं. चीज हीच त्यांची जमीन आणि तीच त्यांची भाकरी होती. दोष त्या श्रोत्यांचा, ज्यांनीं गुप्ततेलाच पावित्र्य मानिलें. विचारणारा वेळेवर आला नाहीं म्हणून किती बंदिशी गवयांबरोबर मातींत गेल्या, याची मोजदाद आतां कोण करणार? भातखंड्यांच्या कांहीं निर्णयांवर आजही वाद होतो, आणि तो होऊं शकतो हेंच त्यांचें यश. वाद घालण्याजोगा पुरावा त्यांनीं मागें ठेविला. प्रश्न न विचारण्याला आपण भक्ति म्हणतों, पण पुष्कळदां तो निव्वळ आळस असतो.

आमचें मागणें इतकेंच कीं, राग ज्यास कळतो अशा कोणीतरी मराठींत संगीताची रहस्यकथा लिहावी, आणि सुविद्य कुटुंबांनीं ती दिवाणखान्यांत बसून उघडपणें वाचावी.

त्या धाडच्या स्नेह्यांविषयीं एक सांगावयाचें राहिलें. त्याच रात्रीं गांवांत भजन होतें. मध्येंच कोणा टाळकऱ्याचा ठेका एका मात्रेनें चुकला. इतक्या टाळांच्या त्या कल्लोळांत ‘‘कोण रे तो?’’ म्हणून प्रथम मान वळविणारे हेच गृहस्थ होते.