पत्ता सांगा, पत्ता!

सोलापुरात पत्ता विचारायची सोय उत्तम आहे. मधल्या मारुतीपाशी उभं राहून कुणाचंही आडनाव घ्या, चार माणसं पाच दिशा दाखवतील. पण 'तुमचंच काहीतरी बिघडलंय' असं तोंडावर कुणी म्हणणार नाही. संगणकाला एवढीही रीतभात नाही.

नोव्हेंबरात आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनची साइट उघडायला बसलो, तर पडद्यावर उमटलं : 'डीएनएस प्रोब फिनिश्ड बॅड कॉन्फिग'. आई शेजारच्या खोलीत शेंगा फोडत होती, त्यामुळे तिच्या हयातीबद्दल शंका नव्हती. शंका घेतली होती ती माझ्या अकलेबद्दल.

इंटरनेटवाल्याला फोन लावला. "राउटर बंद करून चालू करा." केला. "संगणक बंद करून चालू करा." केला. "परत राउटर..." तिसऱ्या दिवशी मीच बंद पडायच्या बेताला आलो.

शेवटी वरच्या मजल्यावरचा पोरगा खाली आला. "काय करलालाव ओ काका? नंबर लावून बघा की!" ८.८.८.८ ला हाक मारली की ओ येते. नाव घेतलं की चिडीचूप! म्हणजे तार शाबूत, फक्त नावावरून नंबर सांगणारा बेपत्ता. हीच ती डीएनएस. पॉल मॉकापेट्रिस या गृहस्थांनी १९८३ साली मांडलेली, जगाची टेलिफोन डिरेक्टरी.

खरा संताप पुढेच आहे. हे 'बॅड कॉन्फिग' दाखवण्याआधी क्रोम ब्राउझर दोन ठिकाणी चौकशी करतो. आपल्या संगणकाला नेमून दिलेल्या डीएनएसकडे आणि गूगलच्या डीएनएसकडे. पहिला मुका आणि दुसरा बोलका निघाला, तरच हे शब्द उमटतात. म्हणजे लेकाच्याला सगळं ठाऊक असतं! मग 'नेमलेला पत्तेवाला झोपलाय, दुसरा नेमा' एवढं सरळ लिहायला काय धाड भरली होती? तो नेमला होता कुणी? इंटरनेटवाल्यानं. मी त्या रकान्याला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. पैसे त्याला द्यायचे, आणि 'बॅड' मात्र आम्ही!

पोरानं राउटरमध्ये ८.८.८.८ आणि ८.८.४.४ हे दोन नंबर भरले. साइट उघडली. गूगल ही सेवा २००९ पासून फुकट देतं. फुकट म्हणजे, आपण कुणाकुणाचे पत्ते विचारतो ते त्याला कळतं, एवढंच.

आई शेंगांचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मी आहे का रे अजून?"

"आहेस, आहेस."

तेवढ्यात मोबाइल वाजला. इंटरनेटवाल्याचा निरोप होता : 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. राउटर बंद करून चालू केल्याबद्दल आभारी आहोत.'