चंदावरकर न्यायासनावर कसे आले? 'सरकारधार्जिणा' या शिक्क्याविरुद्ध

१/ सर नारायण गणेश चंदावरकर आज आठवतात ते बहुधा एकाच कारणाने: सावरकरांना जन्मठेप देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी ते एक होते. लगेच शिक्का बसतो, 'सरकारधार्जिणा'. मित्रहो, हा शिक्का आळसाचा आहे, आणि त्याच्या आडून खरा आरोपी निसटतो.

२/ आधी माणूस पाहा. जन्म १८५५, होनावर. 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी विभागाचे संपादक. १८८५ साली मनमोहन घोष व रामस्वामी मुदलियार यांच्यासह विलायतेस जाऊन त्यांनी ब्रिटिश मतदारांपुढे हिंदुस्थानची बाजू मांडली. पेशाने हायकोर्टाचे वकील. डिसेंबर १९०० मध्ये लाहोरच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष.

३/ १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे निवर्तले. त्यांच्या जागी त्याच वर्षी चंदावरकर आले. येथे दुसरा पक्ष पुढे सरसावतो: राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षाला न्यायासन देणारे सरकार केवढे उदार! हा समजही तितकाच भाबडा.

४/ याचे उत्तर आपल्या खानदेशातच आहे. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत सरकारला रानड्यांचाही संशय आला. त्यांची धुळ्यास बदली झाली. त्यांचे टपाल उघडून वाचले जाई. त्याच रानड्यांना १८९३ मध्ये हायकोर्टात नेमले गेले. ज्याच्या पत्रांवर पहारा ठेवला, त्याला न्यायासन देण्याची भीती सरकारला का वाटली नाही?

५/ कारण दोरी सरकारच्याच हाती होती. १८६१ च्या हायकोर्ट कायद्यानुसार न्यायाधीशाचे पद राजसत्तेची मर्जी असेतोवरच. किमान एक तृतीयांश जागा बॅरिस्टरांना, किमान एक तृतीयांश सनदी नोकरांना. मुख्य न्यायाधीश बॅरिस्टरच हवा. म्हणजे चंदावरकरांसारखा वकील कितीही विद्वान असला, तरी कायमचा मुख्य न्यायाधीश होणे त्याला अशक्य.

६/ आता १९१० पाहा. १९०८ च्या खास कायद्याने राजकीय खटल्यांसाठी तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायपीठ निर्माण केले. ज्युरी नाही, अपील नाही. त्यावर मुख्य न्यायाधीश बेसिल स्कॉट, चंदावरकर आणि हीटन बसले. २३ डिसेंबर १९१० रोजी सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

७/ मग चंदावरकर निर्दोष? मुळीच नाही. त्या आसनावर बसणे त्यांनी स्वीकारले. त्या निकालाचा भार त्यांच्याही माथी आहे. परंतु त्यांना शिव्या देऊन थांबलात, तर ज्युरी आणि अपील हिरावणारा कायदा नजरेआड होतो. माणूस बदलला असता, तरी ते न्यायपीठ तेच राहिले असते.

८/ १९०६ पर्यंत सावदा आणि धुळे एकाच खानदेश जिल्ह्यात होते. येथील शेतकऱ्याचा जमिनीचा दावाही अपिलात मुंबईच्या याच हायकोर्टापुढे जाई. त्याच्या दाव्याला अपिलाची वाट होती, क्रांतिकारकाच्या प्राणांना नव्हती. अन्याय मोजायचा तर या फरकापासून मोजा.

९/ म्हणून कोणत्याही न्यायाधीशाविषयी आधी तीन प्रश्न विचारा. त्याला नेमले कोणी? काढू कोण शकतो? त्याच्या निकालावर दाद कोठे? आज हायकोर्टाच्या न्यायाधीशाला दूर करायचे तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते. कोणाच्या मर्जीवर त्याचे पद टांगलेले नाही. ही तरतूद आपल्याला कोणी बक्षीस दिलेली नाही. मर्जीवरचे न्यायासन काय करू शकते, हे पाहिल्यानंतर आपण ती लिहून घेतली.