गुनायाला : बातमी समुद्राची, प्रश्न जमिनीचा

५ जून २०२४ रोजी पनामाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष लॉरेंतिनो कोर्तिसो यांनी कॅरिबियन किनाऱ्यावर इस्बेरयाला या नव्या वसाहतीचे उद्घाटन केले. गार्दी सुगदुब या चिमुकल्या बेटावरील सुमारे तीनशे कुटुंबांना तेथे पक्की घरे मिळाली. हवामान बदलामुळे बेट सोडावे लागलेले लोक म्हणून जगभरातील माध्यमांनी त्यांची दखल घेतली. ते खरे असले, तरी पूर्ण सत्य नव्हे.

हे बेट गुनायाला या स्वायत्त प्रदेशात मोडते. गुना लोकांच्या भाषेत ‘याला’ म्हणजे भूमी. पनामाच्या ईशान्य किनाऱ्याला धरून कोलंबियाच्या सीमेपर्यंत गेलेली ही डोंगर, जंगल आणि समुद्र यांची चिंचोळी पट्टी आहे. क्षेत्रफळ सुमारे २,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दोन-तृतीयांशाहून थोडे कमी. लोकसंख्या तीस हजारांहून थोडी अधिक. साडेतीनशेहून अधिक बेटांपैकी जेमतेम पन्नासांवर वस्ती आहे आणि लोक दाटीवाटीने राहतात.

ही भूमी गुनांना कोणी दान दिलेली नाही. सक्तीने पाश्चात्त्य पोशाख व चालीरीती लादणाऱ्या सरकारी पोलिसांविरुद्ध त्यांनी फेब्रुवारी १९२५ मध्ये उठाव केला. अमेरिकेच्या मध्यस्थीने मार्चमध्ये तह झाला. १९३८ मध्ये स्वायत्त प्रदेशाला मान्यता मिळाली आणि १९५३ च्या कायद्याने त्याच्या कारभाराची चौकट आखून दिली. गावचा कारभार ‘सायला’ म्हणजे ग्रामप्रमुख पाहतो आणि मोठे निर्णय सर्व गावांच्या महासभेत होतात. जमीन सामायिक असून ती बाहेरच्यांना विकता येत नाही.

अर्थव्यवस्थाही याच चौकटीत उभी आहे. नारळ हे येथील जुने पीक. कोलंबियाची गलबते ते विकत घेत आणि व्यवहारात नारळ चलनासारखा वापरला जाई. शेवंड राजधानीतील हॉटेलांत जातात. स्त्रिया कापडाच्या थरांवर थर बसवून, कापून आणि शिवून ‘मोला’ तयार करतात. या कलाकुसरीला परदेशी ग्राहक मिळतो. अलीकडे पर्यटन हे उत्पन्नाचे प्रमुख साधन झाले आहे. तथापि हॉटेल बांधण्यासाठी बाहेरच्या उद्योजकाला जमीन मिळत नसल्याने किनाऱ्यांवर परक्या मालकीचे इमले उभे राहिलेले नाहीत.

आता गार्दी सुगदुबकडे वळू. सुमारे चारशे मीटर लांबीच्या या बेटावर हजाराहून अधिक माणसे राहत होती. मुख्य भूमीवर जाण्याचा विचार रहिवाशांनी २०१० च्या सुमारास स्वतःहून मांडला, तो प्रथम वाढत्या दाटीमुळे. नोव्हेंबर-डिसेंबरमधील वाऱ्यांबरोबर घराघरांत शिरणारे पाणी हे त्याला जोडलेले दुसरे कारण. वस्तीला जागा मिळावी म्हणून प्रवाळ काढून किनारे भरले गेले, त्यामुळे लाटा अडवणारी नैसर्गिक भिंत दुबळी झाली, हेही मान्य केले पाहिजे. अर्थात या चुकीचे माप समुद्रपातळी वाढवणाऱ्या औद्योगिक देशांच्या मापाशी तोलता येणार नाही.

नव्या वसाहतीसाठी जमीन गुनांनीच आपल्या सामायिक भूमीतून दिली. सरकारकडून अपेक्षा होती ती घरे, पाणी, शाळा, रुग्णालय यांची. त्यासाठी दशकभराहून अधिक काळ गेला. मुदती चुकल्या, कामे रखडली. अखेर उभी राहिलेली एकसारख्या घरांची सरळ रांग उपयोगी आहे. परंतु होडी दारात बांधणाऱ्या मासेमार कुटुंबाला बंदर गाठायला आता दोनेक किलोमीटर जावे लागते. काही कुटुंबांनी बेटावरच राहणे पसंत केले, यात नवल नाही.

या घटनेचा धडा म्हणूनच केवळ समुद्रपातळीचा नाही. बुडत्या किनाऱ्यावरील बहुतेक समाजांपुढचा पहिला प्रश्न ‘जायचे कोठे?’ हा असतो. गुनांकडे त्याचे उत्तर होते, कारण शंभर वर्षांपूर्वी त्यांनी भूमी राखली आणि नंतर ती विकली नाही. उरलेल्या बेटांची पाळी येईल तेव्हा जमिनीची ही शिदोरी पुन्हा उपयोगी पडेल. सरकारने निदान पुढच्या वेळी तरी घरांबरोबर पाणी, शाळा आणि धक्का वेळेत द्यावा, एवढीच अपेक्षा उरते. आणि ती मुळीच अवाजवी नाही.