पायाखालचा करार : गिटारची पेडले आणि मिडीचा अर्धवट राहिलेला इतिहास

#थ्रेड

१/ कडव्याकडून धृपदाकडे जाताना गिटारवादकाला काही वेळा एका क्षणात तीन कामे करावी लागतात. कोरस बंद करायचा, डिस्टॉर्शन चालू करायचे आणि डिलेची गती बदलायची. पाय दोनच, त्यांतील एक उभे राहण्यासाठी हवा. या अडचणीवरील उपाय १९८३ सालीच अस्तित्वात आला होता. तो पेडलांपर्यंत उशिरा पोहोचला आणि अर्धवट पोहोचला. असे का झाले, हा या थ्रेडचा विषय.

२/ १९६२ साली मेस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आले. त्यानंतरच्या बहुतेक पेडलांची घडण तशीच साधी राहिली : पायाने दाबायचा स्विच, हाताने फिरवायचे दोन-तीन नॉब आणि आत एक विद्युतमंडल. प्रत्येक पेडल म्हणजे एक स्वतंत्र संस्थान होते. शेजारच्या पेडलात काय चालले आहे, हे त्याला ठाऊक नसे.

३/ १९७०च्या दशकात सिंथेसायझरांची स्थितीही फार वेगळी नव्हती. स्वराची उंची व्होल्टेजने ठरे, पण हिशेब दोन प्रकारचे होते. काही उत्पादक प्रत्येक सप्तकामागे एक व्होल्ट वाढवीत. कोर्ग आणि यामाहा यांच्या अनेक वाद्यांत व्होल्टेज थेट कंपनसंख्येच्या प्रमाणात वाढे. त्यामुळे एका कंपनीचे वाद्य दुसरीच्या वाद्याला जोडले, तरी सूर जुळत नसत.

४/ १९८१ साली रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी समान जोडणीची कल्पना टॉम ओबरहाइम यांच्यापुढे मांडली. ओबरहाइम यांच्यामार्फत ती सिक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथ यांच्याकडे गेली. त्याच वर्षी स्मिथ आणि चेट वुड यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे तिचा आराखडा वाचला. पुढील चर्चेत यामाहा, कोर्ग आणि कावाई हे प्रतिस्पर्धीही सामील झाले.

५/ जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ एका केबलने जोडले गेले. दोन देशांतील दोन स्पर्धक कंपन्यांची वाद्ये एकमेकांचे ऐकू लागली. या जोडणीचे नाव मिडी, म्हणजे म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस. तिच्या वापरासाठी कोणाकडूनही स्वामित्वशुल्क घ्यायचे नाही, असे ठरले.

६/ येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मिडीच्या तारेतून ध्वनी वाहत नाही, केवळ आज्ञा वाहतात. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, चॅनल १६ आणि मूल्ये ० ते १२७. ‘अमुक क्रमांकाची मांडणी लाव’ ही प्रोग्रॅम चेंजची आज्ञा दोन बाइटची असते. ती पोहोचण्यास एक मिलिसेकंदही लागत नाही.

७/ गिटारवादकाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. डिले चॅनल १ वर, रिव्हर्ब चॅनल २ वर ठेवावा. कंट्रोलरवरील एक बटण दाबताच दोघांनाही आपापली आज्ञा मिळते. मिडी क्लॉक दर पाव-स्वराला २४ स्पंद पाठवतो. त्यामुळे डिलेचे प्रतिध्वनी ड्रम मशीनच्या लयीला बांधलेले राहतात.

८/ मग पेडलांना उशीर का झाला? आज्ञा पाळण्यासाठी ती समजणारा कोणीतरी आत असावा लागतो. जुन्या पेडलात ना प्रोसेसर होता, ना स्मृती. नॉब जेथे उभा, तेच मूल्य. म्हणून १९८०च्या दशकात मिडी प्रथम यामाहा एसपीएक्स-९० सारख्या रॅक यंत्रांत आला. बॉब ब्रॅडशॉ यांनी स्टीव्ह लुकाथर यांच्यासारख्या वादकांसाठी अवाढव्य स्विचिंग प्रणाली उभारल्या. सामान्य वादकाच्या खिशाला आणि पाठीला त्या झेपणाऱ्या नव्हत्या.

९/ यातील विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. काकेहाशींच्या रोलँडचाच बॉस हा ब्रँड १९७०च्या दशकापासून पेडले बनवीत होता. एकाच घरात मिडीही होता आणि पेडलेही होती. तरीही बॉसच्या बहुतेक छोट्या पेडलांना दीर्घकाळ मिडीचे सॉकेट मिळाले नाही.

१०/ डिजिटल चिप स्वस्त झाल्यावर चित्र पालटले. २०११ साली आलेल्या स्ट्रायमन टाइमलाइनसारख्या पेडलांत मांडण्या साठवून त्या मिडीने बोलावता येऊ लागल्या. पुढे चेस ब्लिससारख्या उत्पादकांनी ध्वनीचा मार्ग अ‍ॅनालॉग ठेवून केवळ नॉबांचे नियंत्रण डिजिटल केले. मिडीमुळे वादन यांत्रिक होते, हा आक्षेप येथे टिकत नाही. आज्ञा बदलते, बोटे मात्र वादकाचीच राहतात.

११/ खरी अडचण वेगळीच निघाली. मिडीचे मूळ सॉकेट पाच पिनांचे आणि आकाराने मोठे. त्यातील तीनच पिना कामाच्या. जागा वाचवण्यासाठी अनेकांनी साधा स्टिरिओ जॅक वापरला. पण संदेशाची तार जॅकच्या टोकाला जोडायची की मधल्या कड्याला, हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवले.

१२/ परिणाम असा की, केबल सॉकेटात अचूक बसते आणि तरीही काहीच घडत नाही. दिवा लागत नाही, सूचना येत नाही. कार्यक्रमाच्या दहा मिनिटे आधी वादकाला कळते की त्याची केबल ‘दुसऱ्या प्रकारची’ आहे. छोट्या जॅकसाठीचा अधिकृत नियम २०१८ साली निघाला, म्हणजे मूळ करारानंतर ३५ वर्षांनी. पेडलांवरील मोठ्या जॅकचा गोंधळ आजही संपलेला नाही.

१३/ दुसरी उणीव शब्दसंग्रहाची. कंट्रोल चेंजचा एकच क्रमांक एका पेडलात डिलेची गती बदलतो, तर दुसऱ्यात भलतेच काही. काही उत्पादक मांडण्यांची मोजणी ० पासून करतात, काही १ पासून. व्याकरण समान आहे, पण प्रत्येक पेडलासाठी नवा कोश उघडावा लागतो.

१४/ उत्पादकांचे म्हणणे असे की, प्रत्येक पेडल वेगळे असल्यामुळे क्रमांकही वेगळे असणारच. ते काही अंशी योग्य आहे. मात्र गती, मिश्रण, चालू-बंद या गोष्टी जवळपास सर्वत्र आढळतात. त्यांच्यापुरते एकमत करण्यास तंत्रज्ञानाची कोणतीही आडकाठी नव्हती. उणीव इच्छेची होती आणि तिची किंमत वादक मोजत आला.

१५/ २०१३ साली स्मिथ आणि काकेहाशी यांना तांत्रिक ग्रॅमी मिळाला. तो सर्वथा यथोचित होता. पण मिडीचा इतिहास या दोन नावांपाशी थांबवणे अपुरे ठरते. १९८३चे यश शोधापेक्षा तहाचे अधिक होते आणि तह हा एकदा सही करून विसरण्याचा कागद नव्हे. नवी पिढी, नवे उपकरण, नवे सॉकेट आले की त्याची पुन्हा वाटाघाटी करावी लागते. पेडलांच्या बाबतीत ती वेळेवर झाली नाही.

१६/ २०२० साली मिडी २.० जाहीर झाला. त्यात उपकरणे एकमेकांना आपली ओळख आणि क्षमता सांगू शकतात. म्हणजे तो हरवलेला कोश आता उपकरणांनाच एकमेकांपुढे ठेवता येईल. पेडल बनवणारे हा करार पूर्ण स्वीकारतात की पुन्हा सोयीपुरता, यावर पुढचा इतिहास ठरेल. तोवर गिटारवादकाच्या बॅगेत दोन प्रकारच्या केबली राहणार आहेत.

(समाप्त)