अपिलाची पाळी कोण ठरवितो?

मुंबईच्या उपनगरी गाड्यांत ११ जुलै २००६ रोजी जे बॉम्बस्फोट झाले, त्या खटल्यात विशेष न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरविले. पाचांना फाशी सुनावली, सातांना जन्मठेप. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही, म्हणून प्रकरण तेथे गेले. पुढे जवळजवळ नऊ वर्षे ते रेंगाळले. अखेर जुलै २०२४ मध्ये खास खंडपीठ नेमले गेले, आणि जानेवारी २०२५ अखेर युक्तिवाद संपलेसुद्धा! २१ जुलै २०२५ रोजी बाराही जण निर्दोष ठरले. त्यांतला एक २०२१ मध्येच बंदिवासात मरण पावला होता.

राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे त्या न्यायालयाने तीन दिवसांतच फर्माविले. निकाल योग्य की अयोग्य, या वादात आम्हांस येथे शिरावयाचे नाही. आमचा सवाल साधा आहे. जे काम सहा-सात महिन्यांत उरकते, त्याला हात लागण्यासाठी नऊ वर्षे का लागावीत? तुरुंगातल्या माणसाला हा प्रश्न पडतो, तसाच ज्यांची माणसे त्या गाड्यांतून घरी परतली नाहीत त्यांनाही पडतो.

कोणते काम कोणत्या न्यायमूर्तींपुढे जावे, हे ठरविण्याचा अधिकार मुख्य न्यायमूर्तींचा आहे. तो त्यांच्याचकडे असावा, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. नाहीतर पक्षकारच आपापला न्यायाधीश निवडू लागतील. १२ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकारांपुढे येऊन बोट ठेवले ते या अधिकाराच्या वापरावर. त्यानंतर त्या न्यायालयाचे विषयवार कामवाटप प्रसिद्ध होऊ लागले, हे चांगलेच झाले. परंतु विषय कोणाकडे, हे कळल्याने अपिलाची पाळी केव्हा, हे कळत नाही.

फौजदारी अपिले ऐकणाऱ्या खंडपीठापुढे रोज जामिनाचे अर्ज, गुन्हा रद्द करण्याच्या याचिका, तातडीच्या विनवण्या येतात. त्या सरेपर्यंत सायंकाळ होते आणि जुने अपील फलकाच्या तळाशीच राहते. ते कधी सुरू झालेच, तर मध्येच कामवाटप बदलते, एखादे न्यायमूर्ती निवृत्त होतात किंवा त्यांची बदली होते, आणि नव्या खंडपीठापुढे साक्षीपुराव्याचे वाचन पुन्हा पहिल्या पानापासून!

वाजवी मुदतीत अपील ऐकता येत नसेल तर सामान्यतः कैद्याला जामिनावर सोडावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच सांगितले. तत्त्व उदात्त आहे. व्यवहार असा की, तो जामीनही त्याच खंडपीठाकडे मागावयाचा. म्हणजे अपिलाचा वेळ अपील न ऐकण्याची व्यवस्था करण्यात जावयाचा. जामीन मिळालाच, तर अपिलाची निकड कोणालाच उरत नाही. मग मुलेबाळे मोठी झाल्यावर, केस पांढरे झाल्यावर अपील फेटाळले जाते आणि त्या गृहस्थाला पुन्हा तुरुंगाची वाट धरावी लागते. फिर्यादीची एक पिढी तोवर संपलेली असते.

न्यायमूर्ती अपुरे आहेत, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मंजूर जागा ९४, आणि त्या सर्वच्या सर्व भरलेल्या क्वचितच दिसतात. सरकारने त्या भराव्यात, हे सांगावयास नकोच. पण माणसे थोडी असली म्हणजे रांग अधिक काटेकोर लागते. रेशनच्या दुकानावरचा अनुभव तरी हेच सांगतो.

म्हणून आमची मुख्य न्यायमूर्तींना विनंती आहे की, ज्यांचे अपीलकर्ते तुरुंगात आहेत अशा अपिलांसाठी स्वतंत्र खंडपीठ नेमावे, त्याला दुसरे काम देऊ नये व ते किमान वर्षभर मोडू नये. अपिलांची क्रमवारी, सर्वांत जुने पहिले या न्यायाने, तुरुंगाच्या दारावर लावावी. एखादे प्रकरण क्रम सोडून वर घेतले, तर त्याचे कारण एका ओळीत लिहून ठेवावे. या तीन गोष्टींना नवा कायदा लागत नाही. पुढचे कामवाटप काढताना एक सही पुरेशी आहे.